मगरीकडे पाठ

गुरांची वस्ती, लेत्लाकेंगच्या पलीकडे
२८ जुलै १९९६

गालेबोए ताई,

दुमेला. मी बरा आहे, गुरं बरी आहेत. पाणी खोल गेलंय, पण बोअर खोकत खोकत का होईना देतो आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तुझं मागचं पत्र मला नीट लागलंच नाही. तुझं अक्षर अलीकडे फार बारीक झालंय. म्हातारपणी माणसाने मोठं लिहावं.

माझ्या लेकीच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. शाळेला सुट्टी लागली की तिरेलो, जावई मोआगी आणि नात अमान्त्ले चोबे नदीवर जनावरं बघायला जाणार. जनावरांचे फोटो काढणार. आणि मीही त्यांच्याबरोबर यायचं म्हणे. ताई, एकाहत्तर वर्षं मी जनावरांतच काढली. सिंह बघायला दीड दिवस गाडीत कशाला बसायचं? माझ्याकडे तो आपणहून येतो, वासरू घेतो आणि जातो.

खरं कारण मला कळतं. मोथूसी म्हाताऱ्याचं काय झालं ते तू ऐकलंसच. मुलांनी असंच 'चला बाबा, जरा फिरून येऊ' म्हणून गॅबोरोनला नेलं. आता तो फरशीच्या घरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दिवसभर गेटकडे बघत असतो, आणि त्याची गुरं चार दिशांना गेली. राहिली एक गाढवी, ती इकडेच भटकते. दोन वर्षं झाली, तिरेलो आली की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसते. ही सहल म्हणजे माझी तपासणी आहे. मी वस्तीवर एकटा राहू शकतो की नाही, हे तिला ठरवायचंय. नाही म्हटलं तरी संशय, हो म्हटलं तरी पंचाईत.

एक काम कर. बसवाल्याबरोबर गाईंच्या गळ्यातल्या सहा घंटा पाठव. प्रत्येकीचा आवाज वेगळा हवा. दुकानात वाजवून घे. पाच माझ्याकडे आहेत, त्यांच्यासारख्या नकोत.

तुझा भाऊ,
सेआबेलो


मोलेपोलोले
५ ऑगस्ट १९९६

सेआबेलो,

तुझं पत्र वाचायला मला अर्धा दिवस लागला. तिसरी ओळ दुसरीच्या अंगावर चढलीय, आणि शेवटची तर कागद सोडून तुझ्या मांडीवरच उतरली असेल. पोरांनी गुरांमागे जायचं आणि पोरींनी शाळेत, ही आपल्या बापाची रीत. म्हणून तू तिसरीत सुटलास आणि मी सातवी झाले. पण तिसरीवाल्यालासुद्धा ओळ म्हणजे काय ते ठाऊक असतं.

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिलंय. तीन कागद वाया गेले.

घंटा पाठवल्या. दुकानात सहा घंटा वाजवून घेताना सगळे माझ्याकडे बघत होते. दुकानदार म्हणाला, "आजी, चर्च काढताय का?" अकरा घंटा घेऊन तू करणार काय, ते कळव.

आणि सहलीला जा. लेक तोंडाकडे बघते म्हणून कुरकुर करणारा बाप मी पहिलाच पाहिला. तिने मग बघायचं कुणाकडे?

गालेबोए


वस्ती
२१ ऑगस्ट १९९६

ताई,

परत आलो एकदाचा. अजून डोकं गाडीतच हिंदकळतंय.

वयाने मोठा म्हणून पुढची जागा मला दिली. तो मान झाला. पण पुढे बसतो त्याच्या गळ्यात कॅमेरा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पोरीला द्या. तर मोआगी म्हणतो, "बाबा, जनावर टिपणारी नजर आमच्यात आहे कुणाला? गवत हललं की आत काय आहे ते तुम्ही सांगता." घातला गळ्यात. त्यात जावईबापूंनी छत्तीस फोटोंची एकच रीळ आणलेली. दुसरी घरी टेबलावर राहिली म्हणे. म्हणजे प्रत्येक फोटोला सगळ्या गाडीचा जीव टांगणीला.

"आजोबा, सिंहीण! त्या झाडाखाली!"

"दिसली, दिसली." मी कळ दाबली.

"बाबा, इतक्यात काढलात? ती अजून उठतेय."

"बसलेलीच बरी दिसते."

असं चार दिवस. दुसऱ्या दिवशी बिबट्या निघाला. अमान्त्लेने मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली, श्वास रोखून धरला. मी काढला.

"मिळाला का आजोबा?"

"मिळाला."

"शेपटीसकट?"

"शेपटीसकट."

आता तिथली झाडं किती दाट असतात ते तुला माहीत नाही. काचेवर बोटभर धूळ. कॅमेऱ्याचं भोक मुंगीच्या बिळाएवढं. जावयाच्या हाताला ब्रेक लावायची घाई. मी कशाकशाला तोंड देऊ?

शेवटच्या दिवशी नावेतून नेलं. नाववाल्याने वाळूवर मगर दाखवली. अगदी जवळ होती म्हणे. मी लगेच वळलो. आपल्या देवकाकडे बघायचं नाही एवढं मला अजून कळतं. मोआगीचं देवक हरीण, त्याला काय त्याचं! तो म्हणतो, "बाबा, तुमचे भाऊबंद आलेत, हात तरी जोडा!" नाववालासुद्धा हसला. मी मगरीकडे पाठ केली आणि राग आला म्हणून कॅमेरा आमच्याच माणसांवर धरून कळ दाबली. काय आलं असेल ते असो.

आता महत्त्वाचं. रीळ भरल्यावर मोआगीने ती काढून माझ्या हातात दिली. "तुमची कामगिरी, तुम्हीच जपा," म्हणाला. मला वस्तीवर सोडताना मागायला विसरला. आता निरोपावर निरोप येताहेत. मी कळवलंय की कोटाच्या खिशाला भोक होतं, पडली. भोक मी नंतर पाडलं.

रीळ या पाकिटात आहे. तुझ्या पेटीच्या तळाशी ठेव. चुलीत घालणार होतो, पण आत अमान्त्लेचा बिबट्या आहे, हात धजला नाही. मात्र धुवायला द्यायची नाही. कारण विचारू नकोस. ते फोटो तिरेलोने पाहिले तर मोथूसीच्या शेजारी माझी खुर्ची मांडली जाईल, एवढं समज.

सेआबेलो


मोलेपोलोले
१० सप्टेंबर १९९६

सेआबेलो,

रीळ मी धुवायला दिली. ओरडू नकोस, इथपर्यंत ऐकू येत नाही.

पेटीत ठेवणारच होते. पण रविवारी अमान्त्ले इथे आली आणि चुलीपाशी बसून रडली. बाईंना बिबट्या दाखवीन असं वर्गात सांगून बसलीय पोरगी. आता मुली तिला "खिशातला बिबट्या" म्हणून चिडवतात. माझ्या पेटीत बिबट्या आणि समोर रडणारी पोर. सेआबेलो, मी दगडाची नाही.

फोटो आले. ऐक.

पहिले चार गाडीच्या वायपरचे. पाचवा हत्ती असेल नाहीतर भिंत. मग एक वारूळ. तेच वारूळ पुन्हा. आणि पुन्हा. तिसऱ्यात कडेला सिंहिणीचा अर्धा पाय आहे, ती बहुधा कंटाळून निघाली होती. बिबट्याच्या जागी रिकामं झाड. मोआगीचा कान दोनदा, तो मात्र लख्ख आलाय. आतल्या मळाचासुद्धा हिशेब लागतो.

मी हसत होते. चुलीपाशी एकटीच बसून हसत होते. मग हसू थांबलं. वारूळ आणि सिंहीण यातला फरक तुला कळला नाही? तुला? तेरा वर्षांचा होतास तेव्हा चांदण्यात नुसत्या कानावरून तरस ओळखायचास.

एकमेकींवर चढणाऱ्या ओळी. "मोठं लिही" म्हणून तगादा. अकरा निरनिराळ्या आवाजांच्या घंटा. मी सातवी झालेय, बेरीज येते मला.

तुला दिसतं किती? खरं सांग. लपवाछपवीची पत्रं मला पाठवू नकोस, माझ्याकडे तेवढं आयुष्य उरलेलं नाही.

एक फोटो चांगला आलाय. कुठला ते तुझं उत्तर आल्यावर सांगीन.

गालेबोए


वस्ती
१६ सप्टेंबर १९९६

ताई,

थोरली बहीण वैरीण असती तर बरं झालं असतं. वैरिणीला निदान मी रीळ दिली नसती.

सांगतो. कुणाला वाचून दाखवू नकोस.

उजव्या डोळ्याला दूध सांडल्यासारखं दिसतं. डाव्याला धुकं. माणूस चार पावलांवर आला की आहे हे कळतं, दोन पावलांवर आला की कोण ते कळतं. पत्र लिहायचं तर भर दुपारी उन्हात बसतो, नाक कागदाला लावतो आणि जाड काळं पेन घेतो. सहलीत पोरं बोट दाखवायची तिकडे मी कॅमेरा करायचा आणि दाबायचं. काय दाबतोय ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पण गुरं मी सांभाळतो! संध्याकाळी गुरांच्या वाडग्याच्या तोंडाशी उभा राहतो. कळपाचे अकरा जथे, एकेका जथ्याच्या पुढारणीच्या गळ्यात एक घंटा. अकरा आवाज आत गेले की काटेरी फांद्या ओढून घेतो. घंटा आल्यापासून एक शेपूट इकडची तिकडे झालेली नाही. हे काम ज्याला जमतं तो आंधळा कसा? पण तिरेलोला घंटा समजणार नाहीत. तिला डोळे समजतात.

डॉक्टरकडे जा म्हणशील. ताई, हे डॉक्टरचं काम नाही. तुला मामाचं गाव आठवतं? सिक्वाने, नदीच्या काठी. मी नऊ वर्षांचा होतो. पाण्याला गेलो तेव्हा वाळूवर मगर पसरलेली होती. आजीने सांगितलं होतं, मगर ज्याचं देवक त्या क्वेनाच्या लेकराने तिच्याकडे बघायचं नाही, मान फिरवायची, थुंकायचं आणि निघायचं. मी निघालो नाही. मी बघत राहिलो. तिच्या पाठीवरचे खवले मोजले. ती पाण्यात सरकेपर्यंत हललो नाही. दुसऱ्या दिवशी माझे डोळे सुजले, चिकटले. तूच मिठाच्या पाण्याने धुतलेस. मी सांगितलं, धूळ गेली.

तेव्हा तिने नुसतं बजावलं होतं. आता डोळेच न्यायला आलीय. डॉक्टरला काय सांगू? औषध द्या, मी माझ्या देवकाचा अपमान केलाय? बासष्ट वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पाद्र्याला नाही. तू त्या फोटोंनी ते बाहेर काढलंस.

आता झालं समाधान?

सेआबेलो


मोलेपोलोले
२५ सप्टेंबर १९९६

माझ्या भावा,

समाधान झालं नाही. मला दोन दिवस झोप लागली नाही. कारण आता मलाही सांगावं लागणार.

त्या दिवशी तुझ्यामागे कोण उभं होतं? मी. आईने मला तुझ्यामागे धाडलं होतं. तू वाळूवर, मी बोरीच्या झाडामागे. तू खवले मोजलेस. मी तिचे दात पाहिले, ती जांभई देत होती तेव्हा. तू एकदाच पाहिलीस. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, सेआबेलो, आणि पुन्हा पाहिलंही नाही. चौदा वर्षांची होते. कळलं असतं तर या पोरीला कोण करून घेणार म्हणून घरात रडारड झाली असती. म्हणून गिळलं, ते आजवर.

माझं वय शहात्तर. अजून सुईत दोरा ओवते. तीन दिवस बघणारीचे डोळे शाबूत आणि एकदा बघणाऱ्याचे गेले, असा कुठला न्याय?

आणि ती सूज! त्या आठवड्यात मामाच्या सगळ्या पोरांचे डोळे आले होते. मी मिठाचं पाणी घेऊन नऊजणांमागे पळत होते. ती सगळी माकडाच्या देवकाची. मगर त्यांची कोण लागत होती?

आता शिव्या दे. तुझं पत्र आलं तेव्हा तिरेलो इथे होती. मी तिला वाचून दाखवलं. मगरीचा भाग गाळला, तो आपला दोघांचा.

तिला सगळं माहीत आहे. दोन वर्षांपासून. जुलैतच तिने इथल्या मोठ्या हॉस्पिटलात तुझं नाव घातलंय, चौदा ऑक्टोबरची तारीख आहे. मोतीबिंदू म्हणतात त्याला. कापतात आणि काढतात. मी विचारलं, मग आधी सहलीचा घाट कशाला? म्हणाली, "आत्या, कापताना काही बिघडलं तर? त्याआधी हत्ती तरी बघून घेऊ दे. जवळून दिसेल एवढं मोठं दुसरं काय असतं?" तुला सांगायची हिंमत झाली नाही, कारण शहराचं नाव काढलं की तू गुरांमागे जाऊन लपतोस. कॅमेरा तुझ्या गळ्यात मोआगीने घातला, त्याला काही ठाऊक नव्हतं. तेव्हा अडवलं तर तुझं बिंग फुटलं असतं, म्हणून ती गप्प बसली.

गुरांचंही विचारलं मी, तोंडावर. म्हणाली, "गुरं न्यायची असती तर डोळे कशाला दुरुस्त करू? आंधळ्याची नेणं सोपं."

आता तो चांगला फोटो. चौतिसावा. नावेतला. मोआगी काळा चष्मा लावून दात काढतोय, अमान्त्लेचं तोंड उघडं, दोघे तुझ्या खांद्यावरून पलीकडे मगर बघताहेत. तिरेलोला बघता येत नाही, ती क्वेनाची लेक. म्हणून तिने मान वळवलीय आणि ती सरळ तुझ्याकडे बघतेय. तपासणारी माणसं ओठ असे दाबून धरत नाहीत, सेआबेलो.

फोटो पाठवत नाही. हॉस्पिटलातून उठून तो बघायला माझ्याकडे ये.

गालेबोए


वस्ती
२४ नोव्हेंबर १९९६

ताई,

उजवा डोळा उघडलाय. एवढं कौतुक केलंत सगळ्यांनी, पण तेव्हापासून मला चैन नाही.

टाकी गंजलीय, कुणी सांगितलं नाही. छपरातून आभाळ दिसतं. आरशात आपला बाप उभा आहे असं वाटून मी दचकलो. आणि सर्वात वाईट म्हणजे जाड आवाजाची घंटा! ज्या तांबड्या पुढारणीला इतके दिवस रोज संध्याकाळी "ये गं माझी राणी" म्हणून आत घेत होतो ती मोथूसीची गाढवी निघाली. मीच तिच्या गळ्यात बांधली असणार. खरी तांबडी तिचा जथा घेऊन शेजारच्या बोअरवर मजेत आहे. शेजारी म्हणतो, "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवल्यात." शनिवारी तिरेलो येऊन त्या हाकून आणायला मदत करणार आहे. तिला मी गाढवीचं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मोथूसीच्या शेजारच्या खुर्चीचं नाव कुणी काढलं नाही.

तुझ्या घरून निघताना फोटोंचं पाकीट मी उचलून आणलं, ते तुला आता कळलं असेल. सगळे फोटो उन्हात बसून पाहिले. लाज वाटली. पण तू सुईत दोरा ओवतेस ना? मग ते झाड रिकामं कसं म्हणालीस? डावीकडे वर, जिथे फोटो संपतो तिथे, शेपटीचं टोक लोंबतंय. बिबट्या नाही, पण शेपूट आहे. तो फोटो अमान्त्लेला पाठवलाय. वर्गात काय दाखवायचं ते तिचं ती बघेल.

चौतिसावा माझ्याजवळ आहे. तिरेलोच्या तोंडाबद्दल मी काही लिहीत नाही. पाहिलं.

पण तू आणखी एक पाहिलं नाहीस. मोआगीच्या काळ्या चष्म्यात बघ म्हटलं असतं, पण फोटो इथे आहे. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं भिंग लावलं तर डाव्या काचेत नावेची कड दिसते, तिच्यापुढे पांढरी वाळू, आणि वाळूवर तांदळाच्या दाण्याएवढं लांबट काळं काहीतरी. तीच.

मी बघितलं. मान फिरवली नाही, थुंकलो नाही. चहा गार होईपर्यंत बघितलं. आज तिसरा दिवस आहे. डोळा स्वच्छ आहे, पाणीसुद्धा नाही. डाव्या डोळ्यासाठी नाव घातलंय.

आता बारीक लिहिलंस तरी चालेल. कागद वाया घालवू नकोस.

फोटो दाराजवळ लावलाय. कुणी आपल्या देवकाचा माणूस आला तर मात्र मी तो खाली काढतो आणि त्या चष्म्यावर अंगठा ठेवून दाखवतो.

तुझा भाऊ,
सेआबेलो